छापायला दिलंय, दत्तक नाही दिलं

सरांना सही करता येत नव्हती असं कुणी समजू नये. सही झकास होती. शेवटच्या अक्षरातून निघालेली एक लांब शेपूट वळसा घेऊन परत पहिल्या अक्षराला भेटायला यायची. पण ती बघायचं भाग्य फार थोड्या कागदांना लाभलं.

माझ्या मुलीचा, ईराचा, वाढदिवस आम्ही ब्रिस्बेनपासून दोन तासांवरच्या आमच्या टूवूंबातल्या एका ट्रॅम्पोलिन पार्कात केला होता. अशा ठिकाणी आत जायच्या आधी काउंटरवरच्या स्क्रीनवर बोट फिरवून लिहून द्यावं लागतं, की आमची हाडं मोडली तर ती आमची आम्ही बघून घेऊ. सगळे आईबाप बोट फिरवतात आणि मोकळे होतात. मी तर त्या दिवशी केक गाडीत विसरल्याच्या गडबडीत दुसऱ्याच कुणाच्या तरी मुलाच्या वाढदिवसासाठी बोट फिरवून आलो होतो. सरांना उड्या मारायच्या नव्हत्या. ईरा त्यांना आजोबा म्हणायची म्हणून ते आले होते, हातात गिफ्ट आणि अंगात इस्त्रीचा शर्ट. पण आत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाने सही करायची असा तिथला नियम.

सरांनी चष्मा लावला. “ह्याची छापील प्रत मिळेल का?”

काउंटरवरची मुलगी हसली. “नो वरीज, इट्स जस्ट अ फॉर्म.”

“माय डिअर,” सर म्हणाले, “देअर इज नो सच थिंग ॲज जस्ट अ फॉर्म.”

रांग पार्किंगपर्यंत गेली. मागून एका दाढीवाल्याने ओरडून विचारलं, “मेट, यू बायिंग द प्लेस?” सर सहाव्या कलमावर होते. आत काढलेल्या फोटोंवर पार्कचा हक्क राहील, असं त्यात म्हटलं होतं.

“तोंड माझं आणि मालकी ह्यांची?” ते माझ्याकडे वळून म्हणाले.

शेवटी ते बाहेरच्या बाकावर जाऊन बसले आणि केक कापताना आम्ही तो त्यांना काचेतून दाखवला. त्यांनी बाहेरून टाळ्या वाजवल्या. ईराच्या शाळेत मस्ती केली की शिक्षा म्हणून बाजूला बसवतात. तिने विचारलं, “डॅड, इज आजोबा इन टाइमआउट?”

सर म्हणजे आमच्या युनिव्हर्सिटीतले मातीवाले, मातीवर संशोधन करणारे प्राध्यापक. मूळचे परभणीकडचे. तिकडची काळी माती सोडून साता समुद्रापार आले आणि ज्या गावात नोकरी मिळाली तिथेही डोंगर उतरून खाली गेलं की काळीच माती, नजर पोचेल तिथपर्यंत. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात फाटते. तिला भेगा पडतात, त्यात पाना पडला तर पाना गेला. सरांच्या गाडीची किल्ली एकदा अशीच गेली. कुणीही दुसऱ्या माणसाने टो ट्रक बोलावला असता. सर भेगेशेजारी पालथे पडून टॉर्चने किल्ली किती खोल गेली ते मोजत बसले आणि त्यावर एक लेख लिहिला. सरांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, घरून दुसरी किल्ली घेऊन यावं लागलं. बस त्या बाजूला जात नाही, त्यामुळे त्या कुणाच्या तरी यूटमधून, म्हणजे इथल्या उघड्या हौद्याच्या गाडीतून, मागे बसलेल्या दोन कुत्र्यांच्या सोबतीने आल्या. त्या लेखात वहिनींचे आभार मानलेले नाहीत. कुत्र्यांचे आहेत.

मी युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत असतो. पुण्याहून कॉम्प्युटरवाला म्हणून व्हिसा मिळवून आलो, आधी दूर दक्षिणेला वेरिबीला राहिलो, मग बायकोला टूवूंबाच्या हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून तिच्या सामानासोबत मीही इकडे आलो. माझ्या सासऱ्यांची समजूत आहे की जावई दिवसभर पुस्तकं वाचतो. मी दिवसभर ‘अपलोड’ हे बटण दाबतो. आमच्या प्राध्यापकांचे लेख जगात कुणालाही फुकट वाचता यावेत म्हणून लायब्ररीने एक ऑनलाइन कपाट केलंय, त्याला रिपॉझिटरी म्हणतात. त्या कपाटाचा मी वॉचमन.

आता ह्या धंद्यातली गंमत सांगितल्याशिवाय सर कळायचे नाहीत. शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं राबून लेख लिहितो. दुसरे शास्त्रज्ञ तो तपासतात, तेही फुकट. मग लेख स्वीकारला गेला की प्रकाशकाकडून एक फॉर्म येतो. त्यात लिहिलेलं असतं, की ह्या लेखाचे सगळे हक्क, सगळ्या जगात, सगळ्या भाषांत, आज असलेल्या आणि पुढे शोध लागणाऱ्या प्रत्येक माध्यमात, कायमचे आम्हाला दिले. लेख छापून येणार ह्या आनंदात माणूस काहीही लिहून देतो. सही करून पाठवतो आणि बायकोला फोन लावतो. मग कधीतरी तो माझ्याकडे लेखाची छापील, देखणी प्रत घेऊन येतो आणि म्हणतो, ही ठेव रे कपाटात. मला सांगावं लागतं, की ही नाही चालणार, ही प्रकाशकाची. तुमच्या कॉम्प्युटरवर जी ओबडधोबड, दुहेरी ओळी सोडून टाइप केलेली प्रत आहे ना, ती चालेल, तीही वर्षभर थांबून. मजकूर अक्षरन् अक्षर तोच. फक्त त्यांची अक्षरं छान आणि आपली साधी.

“म्हणजे मुलगा माझा,” सर म्हणाले होते, “पण त्याला त्यांनी शर्ट घातला म्हणून तो त्यांचा.”

“साधारण तसंच, सर.”

“मग मी शर्ट काढून घरी नेतो.”

“तेच करायचंय, सर. फक्त वर्षभराने.”

“तोपर्यंत पोरगं उघडंच ठेवू?”

सर पहिल्यापासूनच कागद वाचणारे, पण लेखांच्या हक्कांवरून इतके हट्टी झाले ह्याला कारण होतं. तरुणपणी सरांनीही एकदा न वाचता सही केली होती. ह्या देशात आल्यावरचा पहिलाच लेख, त्याच्या आनंदात. त्यात भेग कशी फाटत जाते त्याचं त्यांनी स्वतःच्या हाताने काढलेलं एक चित्र होतं. फार सुंदर चित्र. मी पाहिलंय. मुळं, ओल, सुकलेले थर, सगळं बारीक निबाने काढलेलं. पुढे बऱ्याच वर्षांनी आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी त्यांनी काळ्या मातीवर लेख लिहायला घेतला. मंडळ म्हणजे मूठभर कुटुंबं. अंक म्हणजे आमच्या ऑफिसच्या प्रिंटरवर काढून स्टेपल केलेले कागद. त्यात ते चित्र टाकायचं होतं. सर नियमाने वागणारे. त्यांनी प्रकाशकाकडे परवानगी मागितली.

उत्तर आलं, की अर्ज मिळाला, आमची हरकत नाही, पण मूळ लेखकाचीही संमती घ्यायची आमची पद्धत आहे, ती आम्ही मागवतो.

सरांनी कळवलं, की मूळ लेखक मीच आहे आणि माझी संमती आहे.

उत्तर आलं, की आमच्याकडे नोंद असलेल्या पत्त्यावरून संमती आली तरच ती धरता येते. तो पत्ता सरांच्या जुन्या युनिव्हर्सिटीचा होता आणि तिथला ईमेल त्यांनी नोकरी सोडली त्या दिवशी बंद झाला होता. प्रकाशकाने त्या पत्त्यावर तीनदा विचारणा केली. मग सरांना शेवटचं उत्तर आलं: आम्हाला खेद वाटतो, लेखकाशी संपर्क होऊ न शकल्यामुळे आपली विनंती मान्य करता येत नाही. लेखकाचा ठावठिकाणा आपल्याला माहीत असल्यास कृपया कळवावा.

दिवाळी अंक निघाला. सरांच्या लेखाच्या मधोमध एक मोठा रिकामा चौकोन होता आणि खाली लिहिलं होतं, ‘हे चित्र माझंच आहे, पण मला ते दाखवायची परवानगी नाही. मी सापडलो तर दाखवीन.’ माझ्या बायकोला वाटलं, प्रिंटरची शाई संपली. तिने फोन करून मलाच झापलं.

तेव्हापासून सरांनी कुठलाही हक्क कुणालाही म्हणून दिला नाही. फॉर्म आला की छापून घ्यायचा, हिरव्या शाईचं पेन काढायचं, आणि ‘हस्तांतरित करतो’ असं असेल तिथे खोडून ‘छापण्याची परवानगी देतो’ असं लिहायचं. समासात वेगळी टीप. मग सही. “छापायला दिलंय, दत्तक नाही दिलं,” हे वाक्य ते लेखावर, फोटोवर, वहिनींच्या लोणच्याच्या रेसिपीवर, कशावरही लावत. काही प्रकाशक मुकाट्याने छापत. काही लेख परत पाठवत. परत आलेला लेख सर दुसरीकडे पाठवत, तिथून तिसरीकडे. त्यांचे काही लेख सरांपेक्षा जास्त देश फिरलेले आहेत.

हे सगळं कागदापुरतं राहिलं असतं तर बरं होतं. त्यांच्या मुलीचं लग्न ब्रिस्बेनला झालं. भटजींनी कन्यादानाला बोलावलं तर सर उठेनात.

“दान म्हणजे सर्व हक्कांसह कायमचं हस्तांतर,” ते म्हणाले. “मी मुलीचं तसलं काही करणार नाही.”

भटजी आयटीतले होते, शनिवार-रविवार लग्नं लावायचे. त्यांनी समजुतीने विचारलं, “मग काका, तुम्हाला काय द्यायचंय?”

“मी परवानगी देतो. संसार करण्याची. बाकी सगळे हक्क तिच्याकडेच.”

“आणि ही परवानगी फक्त ह्या जावयाला ना, सर?” मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून बोललो. सरांनी हा मुद्दा गंभीरपणे घेतला. ते विचारात पडले. वहिनींचा संयम तिथे संपला.

“अहो, निदान ती तरी एक्स्क्लुझिव्ह द्या!”

मुलगी खुश होती. ती म्हणाली, “बाबा इज ॲक्च्युअली राइट, यू नो.” लग्न लागलं. त्याच लग्नाच्या हॉलच्या करारात, कार्य संपल्यावर वधुपित्याने सगळ्या खुर्च्या स्वतः एकावर एक रचून ठेवाव्यात, असं एक कलम सरांना सापडलं होतं. ते त्यांनी खोडलं आणि त्या आनंदात करारावर लगेच सही केली, हे ते पुढे कितीतरी दिवस सगळ्यांना सांगत होते.

अशा माणसाच्या हाताखाली केतकी पीएचडी करायला आली.

केतकी नागपूरची. बडबडी, धीट, तिला सरांची भीती वाटत नसे. स्वतःची जुनी गाडी स्वतःच दुरुस्त करायची आणि त्याच हाताने मातीचे नमुने भरायची. तिने आणि सरांनी मिळून एक गोष्ट शोधली. माती दरवर्षी भिजून सपाट होते, भेगा मिटतात, मागमूस राहत नाही. पण पुढच्या उन्हाळ्यात त्यातल्या बऱ्याचशा पुन्हा जुन्याच जागी उघडतात. का, ते केतकीने दाखवून दिलं. लेख उत्तम झाला आणि तो एका मोठ्या जर्नलने स्वीकारला. त्याच सुमारास केतकीला वेरिबीजवळच्या एका संशोधन केंद्रात नोकरीची संधी आली. अट एकच होती. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत, लेख छपाईला गेला असं जर्नलचं पत्र दाखवायचं. ते पत्र दोन्ही लेखकांनी फॉर्मवर सही केल्याशिवाय मिळणार नव्हतं. आणि तिचा व्हिसा संपायला फार दिवस उरले नव्हते, नोकरी गेली तर तिला परत जावं लागणार होतं.

पहिला फॉर्म नेहमीसारखाच आला होता, सगळं काही कायमचं द्या म्हणणारा. सरांनी तो हिरवागार करून पाठवला. केतकीने कपाळाला हात लावला. सगळ्यांना वाटलं, लेख परत येणार. आठवडाभराने प्रकाशकाच्या ऑफिसातल्या एका बाईंचं उत्तर आलं. त्यांनी लिहिलं होतं, की हरकत नाही, हक्क स्वतःकडे ठेवू इच्छिणाऱ्या लेखकांसाठी आमच्याकडे दुसरा फॉर्म असतो, तो सोबत जोडला आहे. फक्त कुणी मागत नाही.

मी तो फॉर्म वाचला. अकरा कलमं. हक्क लेखकाचे. चित्रं लेखकाची. छापील प्रत कुठेही ठेवा, कुणालाही द्या, मराठी मंडळाच्या अंकात टाका. सरांनी गेली कित्येक वर्षं समासात जे जे लिहिलं होतं ते सगळं इथे सुबक अक्षरांत छापून आलं होतं.

आणि सर सही करेनात.

“ह्यात काहीतरी आहे,” ते म्हणाले.

“काय आहे, सर?”

“तेच तर सापडत नाहीये. सापडणाऱ्या कलमाची मला भीती नाही. हे न सापडणारं आहे.”

सोमवारपासून ते तोच कागद वाचत होते. उजेडात धरून वाचला. शेवटाकडून सुरुवातीकडे वाचला. जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी येऊन मला मोठ्याने वाचायला लावला आणि स्वतः डोळे मिटून ऐकत बसले. लायब्ररीतल्या मुलांना वाटलं, सरांसाठी कसलंतरी स्तोत्र चाललंय. हिरव्या पेनाचं टोपण ते काढायचे, लावायचे, काढायचे. खोडायला एक शब्द मिळेना. माणूस वाळला हो त्या आठवड्यात.

गुरुवारी केतकीने त्यांना गाठलं. “सर, माझ्यासाठी करा ना एवढं.”

“अगं, तुझ्यासाठी मी किडनी देईन.”

“किडनी नकोय सर, सही हवीय!”

“किडनीच्या फॉर्ममध्ये निदान काय काय धोका आहे ते स्पष्ट लिहिलेलं असतं,” सर म्हणाले. त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. त्यांना ती मुलगी स्वतःच्या मुलीसारखी होती, आणि तिचं नुकसान आपण करतोय हे त्यांना कळत होतं. तेच जास्त वाईट होतं. हट्टी माणसाशी भांडता येतं. रडवेल्या हट्टी माणसाशी काय करणार?

शुक्रवारी दुपारी केतकीचा मला फोन आला. “दादा, तुम्ही चला सरांच्या घरी. ते आज आलेच नाहीत. तुमचं ऐकतील.”

माझं माझ्या घरातला टोस्टरही ऐकत नाही. पण गेलो.

सर डायनिंग टेबलाशी बसले होते. समोर फॉर्म, शेजारी पेन. वहिनींनी आम्हाला बसवलं, चहा ठेवला, थालीपीठं आणली. वहिनी एका दातांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनवर काम करायच्या. बोलायच्या कमी. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली तरी नवऱ्याकडे त्या अजून जरा कुतूहलानेच बघत.

केतकी घड्याळाकडे बघत होती. मी सरांशी बोललो. म्हणजे माझ्या परीने मुद्देसूद बोललो. न्याय, विद्यार्थ्यांचं भविष्य, विश्वास, वगैरे. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तू घर घेतलंस तेव्हा बँकेचे कागद वाचले होतेस?”

“नाही.”

“मग तू बोलू नकोस.”

मी थालीपीठ घेतलं.

एवढ्यात वहिनींनी सरांचा चहा टेबलावर ठेवला आणि कप कलंडला. सगळा चहा फॉर्मवर. सर ओरडले, केतकी किंचाळली, मी शूर माणसासारखा थालीपीठाची बशी उचलून धरली.

“अगंबाई,” वहिनी म्हणाल्या, “थांबा. दुसरी प्रत काढून आणते. मेलमध्ये आहेच की.”

त्या आतल्या खोलीत गेल्या. कीबोर्डचा आवाज आला. एक प्रत छापायला जेवढा यायला हवा त्याच्यापेक्षा बराच जास्त वेळ आला. मग प्रिंटर घरघरला आणि वहिनी गरम कागद घेऊन आल्या.

“आता हा नवा कागद,” सर म्हणाले. “पहिल्यापासून वाचावा लागणार.”

केतकीने डोळे मिटून घेतले. सरांनी पहिलं कलम वाचलं. दुसरं. पाचवं. घड्याळात चार वाजून गेले होते. आठवं. अकरावं. सरांनी पान उलटलं आणि त्यांची पाठ ताठ झाली.

“हा!”

आम्ही सगळेच उडालो.

“सापडलं! म्हटलं नव्हतं? म्हटलं नव्हतं मी? कलम बारा!” सर उभे राहिले होते. “ऐका. प्रस्तुत विषयावर लेखकाच्या मनात ह्यापुढे येणाऱ्या सर्व विचारांचे हक्कही, ते विचार लेखकाने बोलून दाखवले असोत वा नसोत, प्रकाशकाकडे राहतील. पुढचे विचार! डोक्यातले! न बोललेले! आठवडाभर वाचतोय, बघा कसं लपवलं होतं! पानाच्या मागे!”

मी वहिनींकडे बघितलं. त्या टेबल पुसत होत्या.

हिरवं पेन कडाडलं. सरांनी बारावं कलम एकदा आडवं खोडलं, एकदा तिरकं खोडलं, समासात ‘अजिबात मान्य नाही’ असं लिहिलं आणि खाली, काय सांगू, अशी फर्मास सही केली की शेपटीने पानाची कड ओलांडली. मग पेन केतकीच्या हातात दिलं. “कर सही. आता निर्धास्त कर. विषारी दात काढलाय.”

केतकीने सही केली, फोनने फोटो काढला, पाठवला. पाचला दहा मिनिटं असताना जर्नलचं पत्र आलं आणि ती ते पुढे पाठवून तिथेच खाली फरशीवर बसून रडली. सरांनी आठवड्यात पहिल्यांदा पोटभर खाल्लं. त्यांनी माझं थालीपीठही खाल्लं.

मी रिकाम्या बशा घेऊन स्वयंपाकघरात गेलो.

“वहिनी,” मी हळूच म्हणालो, “कलमं अकराच होती.”

“हो.”

“मग बारावं?”

“मी लिहिलं.” त्या बशा धुऊ लागल्या. “लग्नानंतर आमचा गॅसचा फॉर्म ह्यांच्या टेबलावर तसाच पडून होता. आम्ही स्टोव्हवर स्वयंपाक करतोय. एकदा माझ्याकडून घाईत पत्ता चुकला. ह्यांनी तो पकडला, दुरुस्त केला, मला एक लेक्चर दिलं आणि झटकन सही केली. तेव्हा कळलं. ह्यांना चूक सापडली की भीती जाते. मग मी प्रत्येक कागदात एक ठेवायला लागले. पोरांच्या शाळेचे फॉर्म, घराचे कागद. लग्नाच्या हॉलचं ते खुर्च्यांचं...”

“तेही तुमचं?”

“घाईत लिहिलं होतं. तितकंसं जमलं नाही.”

“पण वहिनी, हे कायद्यात बसतं का?”

वहिनींनी विचार केला. “नसलेलं कलम त्यांनी खोडलं. म्हणजे जे होतं तेच राहिलं ना?”

मी लायब्ररीत इतकी वर्षं कॉपीराइटचं काम करतोय. मी फडकं घेतलं आणि बशा पुसायला लागलो.

लेख छापून आला. केतकी वेरिबीला जाणार हे पक्कं झालं. जायच्या आधी सरांनी तिच्यासाठी घरी जेवण ठेवलं, मंडळातली सगळी कुटुंबं आली. मागच्या अंगणात आम्ही पुरुषमंडळी बार्बेक्यूभोवती उभं राहून पनीर जाळत होतो. मी जाळायच्या कामावर होतो. दुसरं काम मला कुणी देत नाही. थोड्या वेळाने मला कोथिंबीर निवडायला आत पाठवण्यात आलं.

तेवढ्यात सरांनी बाहेर चमचा ग्लासवर वाजवला. त्या सकाळी त्यांना प्रकाशकाकडून एक पत्र आलं होतं आणि ते त्यांना सगळ्यांना वाचून दाखवायचं होतं. आवाज खिडकीतून स्वच्छ आत येत होता. प्रकाशकाने कळवलं होतं, की कलम बारावर आपण नोंदवलेला आक्षेप आमच्या समितीपुढे ठेवण्यात आला. समितीने तो रास्त मानला आहे. सदर कलम आमच्या फॉर्मांत कधी आणि कसं आलं ह्याची नोंद सापडत नाही, तरीही ते ह्यापुढे सर्व लेखकांसाठी, सर्व जर्नल्समधून, पूर्णपणे काढून टाकण्यात येत आहे. हा मुद्दा लक्षात आणून दिल्याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत.

बाहेर टाळ्यांचा कडकडाट झाला. केतकीने शिट्टी वाजवली. कुणीतरी “सर, लेजेंड!” असं ओरडलं. सर आता भाषणावर आले होते. ते म्हणत होते, की मी एकट्यासाठी भांडलो नाही, उद्या येणाऱ्या प्रत्येक लेखकाचे न आलेले विचार आज मोकळे झाले.

स्वयंपाकघरात वहिनी कढीत डाव घालून उभ्या होत्या. कढी वर येत होती आणि त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. मी गॅस बारीक केला.

“सगळंच काढलं?” त्यांनी विचारलं.

“सगळंच.”

“समितीने वाचलं म्हणजे चारपाच जणांनी तरी वाचलं असेल.”

“असेल.”

बाहेर पुन्हा टाळ्या झाल्या. वहिनींनी डाव काढून ओट्यावर ठेवला.

“एखादा शब्द बदलून ठेवता आलं असतं हो,” त्या म्हणाल्या.